दवाखान्याचा निरोगी माणूस

सुखराम रामटेके निरोगी आहे, असं कागदावर जितक्या वेळा लिहिलं गेलं, तितक्या वेळा भंडारा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाबद्दल लिहिलं गेलं नसेल. छातीच्या डॉक्टरांनी लिहिलं, डोळ्यांच्या डॉक्टरांनी लिहिलं, रक्तवाल्यांनी, कानवाल्यांनी, हृदयवाल्यांनी लिहिलं. आणि शेवटशेवटची चार-पाच वर्षं हे लिहिणं चालू असताना सुखराम स्टुलावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसलेला असे. बाहेर काढले असते तर ते हलताना दिसले असते.

पण हे शेवटून सांगितल्यासारखं झालं. सुरुवात त्याच्या भावापासून करायला हवी, कारण या माणसाच्या आयुष्यात सगळं भावाच्या नावाने सुरू झालं.

नाकाडोंगरीच्या पुढे, जंगलाच्या पोटात, एका ठेकेदाराची मँगनीजची खाण होती. एकसष्ट साली थोरल्या कवडूला तिथलं कार्ड मिळालं. कार्ड मिळणं म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हती. बापाने छप्पन्न साली नागपूरहून दीक्षा घेऊन येताना आणलेल्या तसबिरीमागे ते कार्ड जपून ठेवलं. पहिल्या दिवशी कवडू नवी बंडी घालून कामावर गेला. माणसांना खाली नेणारा पाळणा अर्ध्यावर गेला असेल नसेल, अंधार अंगावर आला आणि कवडू असा काही ओरडला की पाळणा परत वर घ्यावा लागला. वर आला तो थेट घरी. "म्हशी चारीन, दुसऱ्याच्या धानाच्या बांध्या रोवीन, पन त्या बोगद्यात जानार नाई," म्हणाला आणि खाटेवर पालथा पडला.

बापाने एकदा खाटेकडे पाहिलं, एकदा तसबिरीकडे. "कार्ड त वाया जाऊ देता येत नाई," तो म्हणाला आणि त्याने धाकट्याकडे पाहिलं.

सुखराम अठरा वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी हजेरीला मुकादमाने 'कवडू' म्हणून पुकारा केला आणि सुखराम म्हणाला, "हाजिर." मुकादमाने मान वर करून पाहिलं. कालचा कवडू ठेंगणा होता, आजचा हातभर उंच. पण मुकादमाला दोन हात हवे होते. नाव काय, दगड फोडताना कुणाचंही चालतं. त्याने पटावर हजेरीची काठी मारली आणि पुढचं नाव घेतलं. अशी बदली त्या खाणीत काही नवी नव्हती. बाप आजारी पडला की लेक बापाच्या नावाने जाई, एक सासरा तर चार वर्षं जावयाच्या नावाने खाली गेला. लबाडी आहे, असं कुणाच्या मनातही येत नसे.

नऊ वर्षं सुखराम कवडू होता. सानगडीकडचा डोमा म्हणून एक गडी त्याचा जोडीदार. दोघांनी मिळून मशीन दगडाला लावायचं, भोक पाडायचं. काळी भुकटी अशी उडे की समोर डोमाचे फक्त दात दिसत. डोमाला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं की याचं खरं नाव दुसरं काही आहे. "कवडू, धर! कवडू, सोड!" एवढ्यावर नऊ वर्षं गेली. सत्तर साली आतला एक भाग बसला आणि तिघे गेले. तेव्हा सुखरामची बायको रुखमा उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "त्या भुयारात आता जाल त माह्या अंगावरून जा," म्हणाली. सुखराम गेला नाही. कार्ड पुन्हा तसबिरीमागे गेलं. त्यावर नाव कवडूचं आणि नोकरी नऊ वर्षांची.

दोन वर्षांनी तालुक्याच्या गावी एका ट्रस्टच्या दवाखान्यात वॉर्डातला गडी म्हणून त्याची वर्णी लागली. केशवराव हेडक्लार्क होते. चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "खाणीत होतास का? खाणवाल्यांची छाती गेलेली असते, ते आम्ही घेत नाही." सुखराम म्हणाला, "नाई जी." खाणीच्या कोणत्याही कागदावर त्याचं नाव नव्हतं, मग खोटं ते काय! निदान त्या घडीला त्याला तसंच वाटलं.

आता हा दवाखाना साधा नव्हता. तिथले डॉक्टर औषधं देत आणि शिवाय शोधही लावत. कुणी विडी-कामगारांच्या छातीवर, कुणी लाखोळीची डाळ खाऊन पाय लुळे पडलेल्यांवर, कुणी रक्ताच्या दोषावर. आणि प्रत्येक शोधाला आजारी माणसांच्या शेजारी मांडायला एक धडधाकट माणूस लागतो. आजारी माणसं दवाखान्यात हवी तितकी सापडतात. निरोगी माणूस आणायचा कुठून? त्र्याहत्तर साली छातीच्या डॉक्टरांनी वऱ्हांड्यात पाण्याच्या दोन बादल्या घेऊन चाललेल्या सुखरामला हाक मारली आणि एका नळीत फुंकायला लावलं. त्याने अशी फुंकर मारली की यंत्राचा काटा टोकाला जाऊन अडकला. डॉक्टर खूष. कागदावर लिहिलं गेलं, 'क्रमांक एक, नॉर्मल', आणि खाली सुखरामने आपली सही ठोकली. सही तो नुकताच शिकला होता. अक्षरं बैलाएवढी मोठी, चौकटीबाहेर गेलेली.

तिथून त्याची जी चढती कमान लागली! एका विभागाने तपासलेला माणूस दुसऱ्याला आयता मिळाला. डोळ्यांवर काम निघालं, बोलवा सुखरामला. कानांवर निघालं, बोलवा सुखरामला. सुशीलाबाई सिस्टर तर त्याला नावाने हाक मारीतच नसे. "ए नॉर्मल, सात नंबरचं भांडं उचल!" आणि सुखराम हसत उचलायचा. दवाखान्यामागची खोली त्याला राहायला मिळाली. अट एकच. त्याची नोकरी आता शोधाच्या निधीतून होती, आणि दर वर्षी सगळ्या तपासण्या पुन्हा करायच्या. निरोगी आहे तोवर नोकरी. ज्या दिवशी कागदावर काही रोग निघेल त्या दिवशी नोकरीही गेली आणि खोलीही.

दवाखान्यात राहायचं आणि आजारी पडायची सोय नाही! हसू येण्यासारखी गोष्ट आहे, पण सुखरामच्या गळ्याशी आली तेव्हा कुणी हसलं नाही.

एकोणऐंशीच्या सुमारास भाताचा घास तोंडाकडे नेताना अर्धा ताटात सांडायला लागला. मग चढावर चालताना तो मागेच्या मागे जायला लागला, कुणी खांदे धरून ओढल्यासारखा. चेहरा हलेनासा झाला. सुशीलाबाई म्हणाली, नॉर्मलला आता गर्व चढला. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे हसू. मनात काही नसताना, नको तिथे हसू फुटे आणि थांबता थांबत नसे. सुखरामने युक्त्या काढल्या. हातात भरलेली बादली असली की हात कमी हलतो. ट्रॉली ढकलत गेलं की पाय नीट पडतात. बसलं की हात मांड्यांखाली. फुफ्फुसाचा काटा अजून टोकाला जात होता, रक्त लाल होतं, डोळे लख्ख होते. कुणी विचारलंच नाही तर सांगायचं कुणाला?

"सारे डाक्टर तुमच्या भवताल फिरते," रुखमा म्हणायची, "एकाले बी दाखवत नाई तुमी. काहून?"

"दाखवू काय? मी निरोगी आहो ना," सुखराम म्हणे. "निरोगी नसलो त आपन राहाचं कुठी?"

चौऱ्याऐंशी साली नागपूरहून मज्जातंतूंचे डॉक्टर आले, डॉ. बोरकुटे. त्यांना खाणीतल्या माणसांवर काम करायचं होतं. त्या खाणीचे काही जुने गडी थरथरत चालत, पडत, वेड्यासारखं हसत. गावं त्यांना दारुडे म्हणत आणि ठेकेदारही तेच म्हणे. बोरकुटेंचा संशय काळ्या भुकटीवर होता. तो कागदावर सिद्ध झाला तर या माणसांना आजारी म्हणून मान मिळणार होता, उपचार मिळणार होते. नाही झाला तर ते दारुडेच राहणार होते. खाणीच्या हजेरीपटावरून त्यांनी पाच वर्षांहून जास्त खाली राबलेल्यांची यादी काढली. त्यात सानगडीचा डोमा होता आणि कवडू रामटेके, नोकरी नऊ वर्षं.

कवडू आला. स्वच्छ धोतर, गालावर लाली, पाय असे की चाळिशीच्या पुढचा माणूस रेघेवरून विशीतल्या पोरासारखा चालून गेला. नळीत फुंकला, हात लांब केले, बोट नाकाला लावलं, कुठे कंप म्हणून नाही. डॉक्टरांनी विचारलं, "नऊ वर्षं खाली होता?" कवडूने छातीवर हात ठेवला. "कार्ड आहे ना साहेब." ट्रॉलीला धरून उभा असलेला सुखराम भिंतीकडे बघत राहिला. आपली नऊ वर्षं भावाच्या धडधाकट अंगावर चढलेली तो पाहत होता आणि त्याला बोलता येत नव्हतं. निरोगी माणसांच्या रकान्यासाठी डॉक्टरांनी त्याचे जुने कागदच घेतले. "अकरा वर्षांचा नॉर्मल," ते म्हणाले, "याला नव्याने काय तपासायचं?"

त्यानंतर डोमाला आणलं. दोघांनी धरून आणलं. हनुवटीवर लाळ, हात पाखरासारखे. डॉक्टर म्हणाले, "याच खाणीत, तुझ्याच वर्षांत काम केलेला माणूस आत्ता ठणठणीत चालून गेला. खरं सांग डोमा, दारू किती घेतोस?"

"शिवत बी नाई जी," डोमा म्हणाला. आणि तेवढ्यात त्याची नजर ट्रॉलीवर गेली. चौदा वर्षांनी. त्याचा सगळा चेहरा उजळला. "कवडू! अबे कवडू! साहेब, याले इचारा, हा माह्या जोडीचा कवडू आहे. सांग ना गा, मी पेत होतो काय?"

डॉक्टरांनी वळून पाहिलं. सुखरामला सांगायचं होतं, की होय, मीच तो. ओठावर आलं होतं. पण खोली आठवली, रुखमा आठवली, अकरा वर्षांचे कागद आठवले, आणि त्या क्षणात, देव कुणावर अशी वेळ न आणो, त्याला हसू फुटलं. तो हसत सुटला. ट्रॉलीवरच्या बाटल्या किणकिणायला लागल्या.

डोमाचा चेहरा विझला. डॉक्टरही जरासे हसले. "हा सुखराम आहे, बाबा. कवडू वेगळा." आणि त्यांनी डोमाच्या कागदावर लिहिलं, माणसं ओळखण्यात गोंधळ. म्हणजे डोमाने तोंडातून काढलेलं सगळ्यांत खरं वाक्य त्याच्या रोगाचं लक्षण झालं!

सुखरामने हे घरी येऊन रुखमाला सांगितलं, शब्दन् शब्द. ती रागावली नाही. "आता सांगाच," एवढंच म्हणाली, "खोली गेली त गेली."

पण सांगण्याआधी भावाला विचारायला हवं होतं. निरोप गेला आणि कवडू रविवारी खोलीवर आला. भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, दारात दिसताच रुखमाने पदर कपाळाच्या खाली ओढला, पाठ फिरवली आणि कुडाच्या आड गेली. लग्न झाल्यापासून तिने त्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं, त्याच्या समोर कधी बसली नव्हती. दीक्षेनंतर घरातले देव गेले, नवसच काय उपासही गेले, पण भासऱ्यासमोरचा पदर काही गेला नाही.

कवडूने ऐकून घेतलं आणि डोकं धरलं. "सुखराम, पुढच्या महिन्यात जुन्या कार्डावरच्या गड्यांचे पोट्टे घेऊन राहिले खाणीत. वरच्या कामावर, हाफिसात. माह्या इश्वरचं नाव लागलं. कार्ड खोटं निघालं त माह्या पोराचं काय?"

"अन् डोमाचं काय, भाऊ? अन् माह्यं?"

कवडूच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते खरं होतं, आणि त्याचा काहीएक उपयोग नव्हता.

कुडाआडून रुखमाचा आवाज आला, भिंतीला सांगितल्यासारखा. "नऊ वर्सं भुकटी कोनं खाल्ली, म्हना."

दुसऱ्या दिवशी सुखराम बोरकुटेंच्या खोलीत गेला. ट्रॉली बाहेर ठेवून, बादली न घेता, मोकळ्या हातांनी. दारापासून टेबलापर्यंतची दहा पावलं डॉक्टरांनी पाहिली आणि त्यांची पेन्सिल थांबली. सुखरामने सगळं सांगितलं. मध्ये दोनदा हसू आलं, पण या वेळी डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी केशवरावांकडून अकरा वर्षांचे कागद मागवले आणि टेबलावर ओळीने मांडले. छातीचे आकडे चांगले, रक्ताचे चांगले, डोळ्यांचे चांगले. आणि प्रत्येक कागदाखाली सही. त्र्याहत्तरची बैलाएवढी. अठ्ठ्याहत्तरची चौकटीत मावलेली. ऐंशीची बोटभर. या वर्षीची तांदळाच्या दाण्यात बसेल एवढी. पाच विभागांच्या डॉक्टरांनी माणसाच्या अंगाचा कोपरा न् कोपरा मोजला होता. त्याच्या सहीकडे बघायचं काम कुणाच्याच विभागात येत नव्हतं.

"तू खाणीचा रोगी आहेस," डॉक्टर हळू म्हणाले. "डोमाचंही खरं आहे. पण मी हे मांडू कसं? पटावर सुखराम नाही. तुझा भाऊ लिहून देईल?"

"नाई देनार जी."

"मग फार तर तुला दोन्हीकडून वगळता येईल. निरोगी म्हणूनही नाही, आजारी म्हणूनही नाही. आणि भाऊ धडधाकट राहिला की डोमा दारुडाच."

तोड काढली ती कवडूनेच, आणि अगदी मनापासून काढली. तिसऱ्या दिवशी तो धावत आला, कार्ड फडक्यात गुंडाळून. "हे घे. कार्डावर कवडू आहे, तर कवडूच आजारी पडू दे ना. तू माह्या नावानं दाखव. नऊ वर्सं तू कवडू होतास ना? कार्ड बी खरं राह्यते, पोराचं बी होते, अन् डोमाचं बी खरं निघते." त्याला आपल्या शहाणपणाचा केवढा आनंद झाला होता!

बोरकुटेंनी आधी आलेल्या कवडूचा कागद फाडला. डोमाच्या कागदावरची गोंधळाची ओळ खोडली. "खाणीत गेला तो माणूस हाच आहे," ते म्हणाले, जणू स्वतःलाच. "नावाचं मला माहीत नाही." इथे राहून त्याला कवडू होता येणार नव्हतं, सगळा दवाखाना त्याला ओळखत होता. म्हणून सुखराम रामटेके याने स्वखुशीने नोकरी सोडली, प्रकृती उत्तम, असा कागद झाला. केशवरावांनी त्यावर शिक्का मारला आणि खोलीची किल्ली मागून घेतली. सुशीलाबाई म्हणाली, "नॉर्मल, तू चाललास? आता आम्ही निरोगी माणूस कुठून आणायचा?"

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन सुखराम आणि रुखमा गेले. बाकावर डोमा आधीच येऊन बसला होता. त्याने सुखरामच्या हलत्या हातावर आपला हलता हात ठेवला. "मी म्हनलो होतो ना," तो सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाला, "हा कवडूच आहे."

केसपेपरच्या खिडकीत रुखमा उभी होती.

"पेशंटचं नाव?" कारकुनाने विचारलं.

रुखमाने चिठ्ठी पुढे केली. नवऱ्याचं नाव तिने कधी घेतलं नव्हतं आणि ते इथे चालणारही नव्हतं. जे चालणार होतं ते भासऱ्याचं होतं.

"बाई, मागे रांग आहे. नवरा आहे ना तुमचा? त्याचं नाव सांगायला कसली लाज?" आणि तिच्या हातातली चिठ्ठी ओढून घेत त्याने स्वतःच मोठ्याने वाचलं, "कवडू रामटेके!"

"हाजिर," बाकावरून सुखराम म्हणाला.

रुखमाने वळून त्याच्याकडे पाहिलं. मग तिने पदर कपाळाच्या खाली ओढला आणि त्याच्याकडे पाठ फिरवली.